उणे चाळीस

गाडी आली तेव्हा सव्वादोन वाजले होते.
मे महिना. कुंकळ्ळीच्या बाजारात कुत्रीसुद्धा
अर्ध्या शटरखाली दुमडून पडलेली.
पाश्कोल उतरला, शर्ट पाठीला चिकटलेला,
"ऑटोमॅटिक म्हणून जास्त पैसे घेतले माझ्याकडून.
बावीस लावतो, गरम वारा देते.
दोनदा गॅस भरला मडगावात. बिलं आहेत."

बिलं सगळ्यांकडे असतात.
गॅस भरणं हे आमच्या धंद्यातलं पॅरासिटामॉल,
ताप कसला ते न विचारता दिलेलं.

गेज लावले. दोन्ही काटे एकाच दाबावर,
देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे स्वस्थ.
म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसर फिरत नाही.
"रोहिदास, कान दे. क्लच टक् करतो?"
"नाय, बाब."
फ्यूज शाबूत. रिले बदलला, तोच हट्ट.
मग बॅटरीची तार थेट लावली:
टक्.
लगेच फिरला, आज्ञाधारक पोरासारखा.
हातपाय धडधाकट आहेत तर.
वरून हुकूमच सुटत नाही.

का सुटत नाही, हे गाडीलाच विचारायचं असतं.
आम्ही विचारत नाही, पार्ट बदलतो.
वीस वर्षं मीही बदलले,
त्यातले किती चांगले होते कोण जाणे.

स्कॅनर लावला.
आतलं तापमान एक्केचाळीस.
काचेवरचं ऊन भरपूर.
बाहेरचं तापमान उणे चाळीस.

रोहिदास हसता हसता टायरवर बसला.
समोर लिंबू-सोड्याच्या गाड्यावर
दुपारीच बर्फ संपलेला,
आणि ही म्हणते उणे चाळीस!
पण खोटं नाही बोलत ती.
कुठंतरी तार तुटली की तिला कळतं एवढंच,
पलीकडून उत्तर येत नाही.
आणि उत्तर न येणं, तिच्या हिशेबात,
थंडीचं शेवटचं टोक.
अशा थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही,
मरेल बिचारा, असं तिला शिकवलंय.
आपल्याला उकडून काढते
आणि समजते, जपते आहे.

पाश्कोल हसला नाही.
चष्मा कपाळावर सारून आकडा बघत राहिला.
"मी एकतीसपर्यंत बघितलंय," म्हणाला.
"अर्खांगेल्स्कच्या धक्क्यावर. दोरखंड
काठीसारखा उभा राहतो.
घरी फोन लावत होतो तेव्हा. तीन आठवडे..."
पुढं बोलला नाही.
मी बंपरचे स्क्रू सोडत होतो, मान वर केली नाही.

बंपरमागं घर निघालं.
काजूची फोलं, नारळाचा काथ्या,
फेस्ताच्या पताकेचा निळा कागद, बारीक कातरलेला.
अकरा महिने तो जहाजावर, गाडी आंब्याखाली,
बायकोनं कव्हर घालून ठेवलेली, रोज पुसलेली.
उंदराला याहून काय हवं.
सेन्सर लवंगेएवढा, धड होता.
तार मात्र दातांनी कापलेली, कात्रीनं कापावी तशी.

अडीच इंच नवी तार, दोन जोड,
वरून नळी तापवून बसवली.
उणे चाळीसवरून सदतीस,
पापणी लवायच्या आत अख्खं वर्ष उलटलं.
टक्.

"किती?"
"तीनशे."
त्यानं पुन्हा विचारलं, बहुतेक मडगावची बिलं आठवून.
मग आत बसला, दार उघडंच,
बावीसवरून सत्तावीसवर आणलं बटण.
"बावीस फार होतं," म्हणाला.

तो गेल्यावर रोहिदास:
"बाब, तार तुटल्यावर खूप उकडतंय असं का नाय वाटत तिला?"
वाटतं की. दोन्ही तारा सोलून
एकमेकींना चिकटल्या, की वाटतं.
तो विचार करत राहिला.
"विचार नंतर कर, आधी स्क्रू मोज," म्हटलं,
"एक आपल्याकडेच राहिलाय."